पॉइंटांचा हिशेब आणि २०५७ पर्यंतची मालकी

न्यू जर्सीतल्या शाळांना नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शिक्षकांच्या अधिवेशनाची सुट्टी असते आणि त्या आठवड्यात इथली निम्मी कुटुंबे फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये दिसतात. तिकडची माणसे या आठवड्याला ‘जर्सी वीक’ असेच म्हणतात. आम्हीही वर्षाआड त्या गर्दीत असायचो, आणि दर वेळी तिथल्या मनोरंजनाच्या बागांमधल्या (थीम पार्कांमधल्या) छोट्या टपऱ्यांवर डिस्ने व्हेकेशन क्लबची, म्हणजे डिस्नेच्या रिसॉर्टांमधल्या मुक्कामाचा हक्क पॉइंटांच्या रूपात विकणाऱ्या योजनेची, माहिती देणारी माणसे अगत्याने हाक मारायची. एका वर्षी हॉटेलच्या खोलीचे बिल पाहिल्यावर, हा प्रकार काय आहे ते नीट समजून घ्यायचे आम्ही ठरवले. विकत घ्यायचे की नाही हा प्रश्न तेव्हा मनात नव्हता. पॉइंट म्हणजे काय, आणि ते घेणारा माणूस नेमक्या कशाचा मालक होतो, एवढेच जाणून घ्यायचे होते.

विक्रीचे काम करणाऱ्या माणसाला तिथे ‘गाईड’ म्हणतात. आमच्या गाईडने नमुन्याच्या खोल्या दाखवल्या, मुलीला आइस्क्रीम दिले आणि तासाभरात मूळ कल्पना समजावली. १९९१ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा टाइमशेअरमध्ये, म्हणजे सुट्टीतल्या घराची मालकी अनेकांनी वाटून घेण्याच्या व्यवहारात, ठरावीक जागेतला ठरावीक आठवडा घेण्याची रूढ पद्धत होती. या योजनेत आठवड्याऐवजी पॉइंट ठेवले गेले. दर वर्षी तुमच्या खात्यात ठरलेले पॉइंट जमा होतात. कोणत्या रिसॉर्टमध्ये, कोणत्या तारखेला, कोणत्या आकाराच्या आणि कोणत्या दिशेच्या खोलीला एका रात्रीचे किती पॉइंट लागतील याचा तक्ता असतो. त्या तक्त्यात नाताळ महाग असतो आणि सप्टेंबर स्वस्त. शुक्रवार-शनिवारच्या रात्रींना बाकीच्या रात्रींपेक्षा सहसा जास्त पॉइंट पडतात, आणि एका शयनगृहाच्या व्हिलाला स्टुडिओच्या, म्हणजे एकाच खोलीच्या निवासाच्या, सुमारे दुप्पट.

या तक्त्याची एक बाजू मला फार आवडली. एखाद्या रिसॉर्टमधल्या सगळ्या खोल्यांच्या वर्षभरातल्या सगळ्या रात्रींचे पॉइंट मिळून जी बेरीज होते, ती कायमची ठरलेली असते, कारण तेवढेच पॉइंट विकलेले असतात. त्यामुळे एका हंगामाचे पॉइंट वाढवायचे तर दुसऱ्या कुठल्या तरी हंगामाचे कमी करावे लागतात. हॉटेलचे भाडे जसे दर वर्षी सरसकट चढते, तसे पॉइंटांचे होऊ शकत नाही. अर्थात, तुम्ही नेमके ज्या आठवड्यात जाता तोच आठवडा महाग झाला तर बेरीज स्थिर असल्याचा दिलासा कोरडाच ठरतो. शिवाय ज्या दोन शयनगृहांच्या व्हिला मधले दार बंद करून स्टुडिओ आणि एक शयनगृह अशा वेगळ्या दिल्या जातात, तिथे दोन भागांचे मिळून पॉइंट अख्ख्या व्हिलापेक्षा जास्त होतात. या बारकाव्याबद्दल मी गाईडला विचारले तेव्हा त्याने ते लगेच मान्य केले.

त्या दिवशी आम्ही सही केली नाही. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे कंपनीकडून थेट टाइमशेअर घेतल्यास १० दिवसांच्या आत कोणतेही कारण न देता करार रद्द करता येतो, आणि हा हक्क ग्राहकाने सोडून देतो म्हटले तरी सुटत नाही. तरीही आधी सही आणि मग वाचन हा क्रम मला मानवणारा नव्हता.

घरी आल्यावर पुण्याला बाबांना फोनवर सगळे सांगितले. बाबांनी सारी नोकरी बँकेत केली असल्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न सरळ होता.

“मालकी म्हणतेस, तर कागद कोणता? तिकडे सात-बारासारखे काही असते की नाही?”

“खरेदीखत असते, बाबा. ऑरेंज काउंटीच्या दप्तरात नोंदही होते.”

“आणि जमीन?”

जमीन डिस्नेचीच राहते. रिसॉर्टची इमारत दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर उभी असते, त्या इमारतीतल्या एखाद्या युनिटमधला अविभक्त अंश तुमच्या नावावर होतो, आणि पट्ट्याची मुदत संपली की तो अंश परत जातो. नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवर घर घेतलेल्या माणसाला ही रचना चटकन कळेल. फरक एवढाच, की इथे मुदत वाढेल अशी आशा धरून घर घ्यायचे नसते. बोर्डवॉक, बीच क्लब या जुन्या रिसॉर्टांची मुदत ३१ जानेवारी २०४२ ला संपते. साराटोगा स्प्रिंग्जची २०५४ ला, अ‍ॅनिमल किंगडम व्हिलाजची २०५७ ला, बे लेक टॉवरची २०६० ला आणि रिव्हिएराची २०७० ला. बाबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे ही आगाऊ भरलेल्या भाड्याची पावती आहे. घे हवी तर, पण तिला इस्टेट समजू नकोस.” या विषयावर मी नंतर जे काही वाचले, त्यात याहून नेमके वाक्य मला सापडले नाही.

खरी गुंतागुंत ‘होम रिसॉर्ट’ या कल्पनेपासून सुरू होते. तुमचे पॉइंट ज्या रिसॉर्टचे, ते तुमचे होम रिसॉर्ट, आणि तिथली खोली तुम्हाला ११ महिने आधी आरक्षित करता येते. बाकीच्या रिसॉर्टांसाठी मात्र ७ महिने आधीपर्यंत थांबावे लागते. मधल्या चार महिन्यांत त्या त्या रिसॉर्टचे मालक आपापल्या खोल्या घेऊन मोकळे होतात, आणि सातव्या महिन्यात इतरांच्या वाट्याला उरलेले येते. म्हणून ‘पॉइंट कुठेही वापरता येतात’ हे विधान खरे असले तरी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, लहान खोल्यांच्या बाबतीत, त्यावर विसंबून राहता येत नाही. जिथे दर वेळी राहायला आवडेल तिथलेच पॉइंट घ्यावेत, ही जाणत्या सदस्यांची शिकवण या एका नियमातून आली आहे.

आम्ही अ‍ॅनिमल किंगडम व्हिलाज निवडले. तिथून एकाही बागेत चालत जाता येत नाही, मोनोरेलही नाही, सगळा प्रवास बसने. त्यामुळे बे लेक टॉवरच्या तुलनेत तिथले पॉइंट पुनर्विक्रीत स्वस्त मिळतात. उलट सज्जाखाली जिराफ आणि झेब्रे चरत असतात, आणि किडानी व्हिलेज या भागातल्या एका शयनगृहाच्या व्हिलात दोन न्हाणीघरे आहेत. आई-बाबा आणि आम्ही तिघे एका व्हिलात राहणार असू, तर दुसऱ्या न्हाणीघराचे मोल जिराफापेक्षा कमी नाही. खाली ‘साना’ नावाचे उपाहारगृह आहे, तिथे आफ्रिकी पदार्थांवर भारतीय मसाल्यांचा हात फिरलेला असतो आणि नान-चटण्यांचे मोठे ताट मिळते. बाबांना ते चालेल, आईला चालणार नाही, हे मला आधीच माहीत होते.

कंपनीकडून थेट घ्यायचे तर नव्या रिसॉर्टांचा भाव एका पॉइंटला २०० डॉलरच्या पुढे होता. जुन्या सदस्यांकडून घेतल्यास अ‍ॅनिमल किंगडमचा भाव शंभराच्या थोडा वर पडत होता. इतका फरक का, हे निर्बंधांची यादी वाचल्यावर कळते. १९ जानेवारी २०१९ पासून पुनर्विक्रीत घेतलेले जुन्या चौदा रिसॉर्टांचे पॉइंट रिव्हिएरा आणि त्यानंतर आलेल्या डिस्नेलँड हॉटेलच्या व्हिला किंवा फोर्ट वाइल्डरनेसच्या केबिन यांसाठी वापरता येत नाहीत. सदस्यांना मिळणाऱ्या सवलतींचे ओळखपत्रही पुनर्विक्रीतल्या खरेदीदाराला मिळत नाही, आणि पॉइंट देऊन क्रूझ घेता येत नाही. आम्हाला यातले काहीच नको होते, त्यामुळे या निर्बंधांनी आमचा फायदाच केला. रिव्हिएराचे पॉइंट पुनर्विक्रीत घेणाऱ्याला मात्र ते फक्त रिव्हिएरातच वापरता येतात. आज कंपनीकडून पूर्ण भावाने रिव्हिएरा घेणाऱ्याने उद्याच्या विक्रीचा विचार करताना हे ध्यानात ठेवायला हवे, असे मला वाटते.

पुनर्विक्रीच्या जाहिरातीत भाव आणि पॉइंटांची संख्या ठळक असते. मी मात्र आधी ‘यूज इयर’ पाहायला शिकले. प्रत्येक कराराचे वर्ष ठरावीक महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होते आणि पॉइंट त्या दिवशी जमा होतात. त्या वर्षात न वापरलेले पॉइंट पुढच्या वर्षात ढकलता येतात, त्याला बँकिंग म्हणतात. पण ते वर्षाच्या पहिल्या आठ महिन्यांतच करावे लागते, आणि एकदा पुढे ढकललेले पॉइंट पुन्हा पुढे ढकलता येत नाहीत. पुढच्या वर्षाचे पॉइंट उसनेही घेता येतात, मात्र घेतलेले परत ठेवता येत नाहीत.

आता नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी डिसेंबरचे यूज इयर घेतले तर काय होईल ते पाहा. नोव्हेंबर हा त्या वर्षाचा शेवटचा महिना. बँकिंगची मुदत ३१ जुलैलाच संपलेली. ऑक्टोबरात घरात कोणी आजारी पडले आणि सहल रद्द करावी लागली, तर ते पॉइंट नोव्हेंबरअखेर वापरायचे, नाही तर बुडवायचे. जूनचे यूज इयर असेल तर तोच नोव्हेंबर सहावा महिना ठरतो आणि बँकिंगला ३१ जानेवारीपर्यंत अवकाश राहतो. पण इथेही एक अट आहे: मुक्कामाला तीस किंवा त्याहून कमी दिवस उरले असताना आरक्षण रद्द केले तर पॉइंट वेगळ्या खात्यात अडकतात, त्यांतून केवळ पुढच्या ६० दिवसांतला मुक्काम घेता येतो, आणि बँकिंगची वाट बंद होते. भावात पॉइंटामागे पाच डॉलर कमी-जास्त झाल्याने जे होत नाही, ते चुकीच्या महिन्याने होते. आम्ही जून, ऑगस्ट आणि सप्टेंबर एवढेच महिने पाहायचे ठरवले आणि शेवटी जूनच्या यूज इयरचा १६० पॉइंटांचा करार पसंत केला. भाव ठरला एका पॉइंटला १०५ डॉलर.

त्यापुढची प्रक्रिया संथ आणि कागदी होती. बयाणा तिऱ्हाईत संस्थेच्या खात्यात गेला, सह्या झाल्या आणि करार डिस्नेकडे गेला, कारण त्याच भावाने, त्याच अटींवर तो स्वतः विकत घेण्याचा पहिला हक्क कंपनीकडे असतो. तो हक्क वापरायचा की नाही हे कळायला महिनाभरही लागू शकतो, आणि तोवर खरेदीदाराच्या हातात काहीच नसते. फार स्वस्तात जमलेले सौदे इथेच हातचे जातात. त्यामुळे पुनर्विक्रीचा भाव फारसा कोसळत नाही हेही खरे. आमचा करार कंपनीने सोडला.

त्यानंतर कंपनीकडून एक दाखला येतो. खात्यात प्रत्यक्ष किती पॉइंट आहेत आणि वार्षिक शुल्क कितपत भरलेले आहे, हे त्यावर लिहिलेले असते. आमच्या दलालाच्या जाहिरातीत चालू वर्षाचे सगळे पॉइंट शिल्लक असल्याचे म्हटले होते. दाखल्यात त्यांतले निम्मे वापरून झालेले निघाले. दलालाने ‘किरकोळ फरक’ असा शब्द वापरला. माझा पेशा हिशेबतपासनिसाचा असल्याने मी त्याला उत्तरादाखल करारातले कलम आणि सदस्य आपले पॉइंट इतरांना भाड्याने देतात त्या बाजारातला पॉइंटाचा भाव एवढेच लिहून पाठवले. विक्रेत्याने किंमत कमी केली आणि त्या वर्षाचे शुल्कही त्यानेच सोसले. दाखला हाती येईपर्यंत उरलेली रक्कम पाठवायची नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घेतले होते. खरेदीखतावर आम्हा दोघांची नावे आली, काउंटीत नोंद झाली आणि काही आठवड्यांनी नव्या सदस्यक्रमांकाखाली पॉइंट दिसू लागले.

पैशांचे गणित मी त्याआधीच मांडले होते. २०२५ च्या जूनपासून २०५६ च्या जूनपर्यंत धरले तर ३२ वर्षांचे मिळून ५,१२० पॉइंट होतात. खरेदीची रक्कम आणि करारखर्च त्यांत वाटला तर एका पॉइंटला साडेतीन डॉलरच्या आत पडतो. पण खरा खर्च तो नव्हेच. दर वर्षीचे शुल्क एका पॉइंटला नऊ डॉलरच्या वर आहे, म्हणजे आमचे वर्षाला दीड हजार डॉलरच्या आसपास. आपण सहलीला गेलो काय नि न गेलो काय, ते भरावेच लागते. त्यात देखभाल, कर्मचाऱ्यांचे पगार, बस, विमा, मोठ्या दुरुस्तीसाठीची गंगाजळी आणि मालमत्ता कर असे सगळे येते. ते थकले तर मालकीवर बोजा चढतो आणि शेवटी जप्तीही येते. पॉइंटांची बेरीज स्थिर आहे म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी हे शुल्क दर वर्षी वाढते याकडे पाहावे. समुद्रकाठच्या व्हीरो बीचचे शुल्क तर इतरांहून कितीतरी जास्त आहे.

दोन्ही मिळून आज आम्हाला एक पॉइंट तेरा डॉलरच्या आसपास पडतो. सदस्य नसलेला माणूस दुसऱ्याचे पॉइंट भाड्याने घेतो तेव्हा २० डॉलरच्या आसपास मोजतो. सात डॉलरचा फरक दिसायला चांगला आहे, पण त्यातून गुंतवलेल्या रकमेचे व्याज वजा करायला हवे. कर्ज काढून घेतले असते तर तो फरक व्याजातच विरघळला असता. टाइमशेअरच्या कर्जाचे दर घराच्या कर्जासारखे नसतात. वर्षातून एकदा जाण्याची खात्री नसेल, किंवा रजा दोन महिने आधी ठरत असेल, तर भाड्याने पॉइंट घेणे केव्हाही शहाणपणाचे. बागांची तिकिटे या सगळ्याच्या बाहेर आहेत, हे वेगळे सांगायला नको; तरी ते सांगावे लागते, कारण आमच्या ओळखीच्या प्रत्येकाने ‘म्हणजे तुम्हाला आता आत फुकट ना?’ असे विचारले आहे.

आरक्षणाच्या दिवशी सकाळी आठला खिडकी उघडते, आणि आमच्याच रिसॉर्टच्या जांबो हाउस या भागातले कमी पॉइंटांचे मोजके स्टुडिओ त्या मिनिटालाच संपलेले दिसतात. याचे कारण ‘वॉकिंग’. हव्या असलेल्या तारखेच्या कितीतरी आधीची तारीख लोक आरक्षित करतात आणि रोज सकाळी ती एक-एक दिवस पुढे सरकवत नेतात, त्यामुळे नेमक्या दिवशी खिडकी उघडून बसलेल्याला ती खोली कधीच मोकळी सापडत नाही. ज्याला रोज उठून हे करायला सवड आहे त्यानेच चांगली खोली मिळवावी, हे मला पटत नाही, आणि आम्ही ते करत नाही. प्रतीक्षायादीत नाव घालून ठेवतो. जिराफांच्या दिशेचा एका शयनगृहाचा व्हिला मात्र आम्हाला सरळ मिळाला, कारण त्याला जास्त पॉइंट लागतात आणि त्यासाठी तितकी झुंबड नसते.

आई-बाबा वर्षाआड येतात, म्हणून एका वर्षाचे १६० पॉइंट पुढे ढकलायचे आणि दुसऱ्या वर्षी ३२० मधून मोठा व्हिला घ्यायचा, असा आमचा क्रम आहे. अडचण अशी, की पुढच्या नोव्हेंबरचे आरक्षण या डिसेंबरात करायचे तर पॉइंट त्याआधी ढकललेले असावे लागतात, ते मागे घेता येत नाहीत, आणि त्या वेळी पुण्याची तिकिटे काढलेली नसतात. आईच्या गुडघ्यांवर आणि बाबांच्या प्रवासविम्यावर अवलंबून असलेला निर्णय आम्ही वर्षभर आधी करतो. व्हिलात पूर्ण स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचे यंत्र असते. कुकर आणि मसाल्याचा डबा आम्ही घरून नेतो, आणि आई सकाळी भात-वरण लावून मगच बाहेर पडते. रोजची साफसफाई मात्र नसते; चौथ्या दिवशी टॉवेल बदलतात आणि कचरा नेतात, तेवढेच. “एवढे पैसे भरून झाडू मीच मारायचा?” असे आई म्हणाली, आणि तिने खरोखरच रिसॉर्टच्या स्वागतकक्षातून झाडू मागवून घेतला.

त्या आठवड्याला अडीचशेच्या आसपास पॉइंट लागले. आधी ढकललेले पॉइंट पहिल्यांदा खर्ची पडतात, त्यामुळे उरलेले सत्तरेक चालू वर्षाचे आहेत आणि ३१ जानेवारीपर्यंत ते पुढे नेता येतील. नवऱ्याला ते मे महिन्यात बीच क्लबच्या स्टुडिओत तीन-चार रात्री घालवायला हवे आहेत. सात महिन्यांची खिडकी ऑक्टोबरातच उघडून गेल्यामुळे तिथे सध्या आमचे नाव प्रतीक्षायादीत आहे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत खोली मिळाली नाही, तर मी ते पॉइंट बँकेत टाकणार आहे.